मागच्या सीटवरची जागा

१

महादेवराव वैरागड्यांची ॲम्बेसेडर सेल्फ घेत नव्हती. चाबी फिरवली की बॉनेटखाली एकदा ‘टक्’ व्हायचं आणि पुढे काही नाही. ना घरघर, ना खोकला.

गाडी सन पासष्टच्या सुमाराची होती. आधीच्या मालकाने कधीतरी सेल्फ चाबीवर करून घेतला होता, बाकी सगळं जुनंच. वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर महादेवरावांनी ती हौसेने घेतली आणि तिचं सगळं वायरिंग स्वतःच्या हाताने नव्याने केलं. रविवारी सकाळी गाडी काढायची, पुढे बायको गोपिका, मागे थोरली बहीण तुळसाताई. तर्री-पोहे खायचे, अंबाझरीला एक चक्कर मारायची आणि परत त्रिमूर्तीनगर. दिवाळीपर्यंत हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या रविवारी ते सकाळपासून बॉनेटमध्ये वाकले होते. बॅटरी मोजली, भरलेली होती. टर्मिनल सोड्याच्या पाण्याने धुऊन चकचकीत केले. हेडलाइट लावून चाबी फिरवली. दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत, म्हणजे मोटरपर्यंत करंट जातच नव्हता. मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचचे, सोलेनॉइडचे, दोन नट पेचकसाने जोडून पाहिले. ठिणगी उडाली, मोटर ढिम्म. शेवटी मोटरच खोलून टेबलावर आणली आणि वायर लावली, तर ती अशी सुसाट फिरली की टेबलावरून पडता पडता राहिली. गाडीत परत बसवली. ‘टक्’.

हँडल मारून पाहिलं तर ते उलटं फिरलं आणि मनगट सुजलं.

“काहून गा महादेवा, किती वेळ त्या डब्ब्यात डोकं घालून राहशीन?” तुळसाताई पोर्चमध्ये आली. अंगावर इस्त्रीची सुती साडी, हातात पिशवी. “पोहे संपतीन तिथले.”

“सेल्फ घेत नाही ताई.”

“मग घेईन तवा घेईन. मी बसतो मागं.”

ती मागे बसली, दार लावलं. महादेवरावांनी काही करायचं म्हणून चाबी फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली.

“बघ,” ताई म्हणाली.

२

ताई मागे बसली की गाडी सेल्फ घेते आणि नसली की घेत नाही, हे ध्यानात यायला महादेवरावांना फार वेळ लागला नाही. ते मान्य करायला मात्र लागला. माणूस आयुष्यभर विजेत राहिलेला. उमरेडकडे असताना एका सबस्टेशनचा रात्रीचा घुमणारा आवाज म्हणजे काही भलतंच आहे, असं गावकऱ्यांनी धरलं होतं. तेव्हा ह्यांनी सरपंचासकट सगळ्यांना ट्रान्सफॉर्मरसमोर उभं करून तासभर समजावलं होतं. आवाज आहे म्हणजे कारण आहे. कारण सापडत नाही म्हणजे तुम्ही नीट शोधलं नाही.

तर कारण असं : मागे वजन पडलं की बॉडी दबते, कुठला तरी सैल सांधा जुळतो, अर्थिंग पूर्ण होतं. सोपं होतं. त्यांनी कळमन्याहून आणलेली तांदळाची पोती मागच्या सीटवर रचली. ताईच्या वजनापेक्षा जास्तच. चाबी फिरवली. ‘टक्’. एक पोतं डावीकडे, एक उजवीकडे. ‘टक्’. अर्थिंगची पट्टी नवी टाकली, दुसरी एक जास्तीची जोडली. ‘टक्’.

गोविंदा मेकॅनिकला बोलावलं. गोविंदाने तासभर तपासून डोकं खाजवलं. “साहेब, सगळं तर ओके आहे.”

“तू जरा मागं बसून बघ.” असं सांगताना आपण नजर चुकवतो आहोत, हे महादेवरावांना जाणवलं.

गोविंदा बसला. गाडी चालू झाली. महादेवराव खूश होऊन वळले, तर मागचं दार उघडं होतं आणि गोविंदा खाली उतरून नळावर हात धूत होता. बराच वेळ धूत होता. उजवा हात खांद्यापर्यंत.

“मागं किती जण बसते तुमच्या, साहेब?”

“एकच. माझी बहीण.”

“हो का,” गोविंदा म्हणाला. आपली हत्यारं त्याने न पुसताच पिशवीत कोंबली आणि मोटरसायकल काढली. त्यानंतर त्याने महादेवरावांचा फोन उचलला नाही.

३

मग ताईला हाक मारायची, ही पद्धतच पडली. ती पेपर वाचत असो, की देवापाशी बसलेली असो. “ताई, जरा येतं का वं? दोनच मिनिटं.” ती यायची. आई गेल्यावर महादेवरावांना हिनेच न्हाऊमाखू घातलं होतं, उमरेडच्या शाळेत पोरांना पाढे शिकवता शिकवता ह्यांचाही अभ्यास घेतला होता. एसटीच्या कंडक्टरशी भांडून जागा मिळवणारी बाई. भूतखेत, अंगारे-धुपारे हे तिने कधी दारात उभं केलं नाही.

एका रविवारी आरशात बघताना महादेवरावांच्या लक्षात आलं, की ताई डाव्या दाराला अगदी चिकटून बसली आहे. तिघांची ऐसपैस सीट, पण ही कोपर पोटाशी घेऊन, पिशवी मांडीवर धरून, वीतभर जागेत.

“मोकळी बस नं ताई.”

“बसली नं बाप्पा.”

पुढच्या वेळी पुन्हा तसंच. “अवं, अख्खी सीट रिकामी आहे.”

“मले सरकून बसा लागते,” ताई म्हणाली.

“काहून?”

“जागा पुरत नाही.”

भरलेल्या एसटीबद्दल सांगावं इतक्या साधेपणाने ती म्हणाली. महादेवराव हसले. गोपिकाही हसली. ताई खिडकीबाहेर बघत राहिली, आणि ती हसली नाही, हे महादेवरावांना घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

इस्त्री करताना गोपिकाने एकदा विचारलं, “अजी, ताईची साडी पाह्यली का? डावीकडून जशीच्या तशी घडी, अन् उजवीकडून चुरगळून चोथा. गर्दीतून आल्यासारखी.”

“बसण्याची सवय असते एकेकाची,” महादेवराव म्हणाले.

त्यांनी त्या आठवड्यात मागची सीट उचलून पाहिली. स्प्रिंगा, काथ्या, एक जुनं बटण, थोडी धूळ. सीट परत ठेवताना रेक्झिनवरून हात फिरवला. पोर्चमध्ये ऊन येत नाही. डावी बाजू गार होती. उजवी नव्हती.

मागे एक्झॉस्टचा पाइप जातो, त्यांनी स्वतःला सांगितलं. गाडी तीन दिवसांत चालू केलेली नव्हती, हे त्यांनी स्वतःला सांगितलं नाही.

४

जानेवारीत जुन्या गाड्यांच्या क्लबची मिरवणूक होती. सिव्हिल लाइन्समधून निघून शहरात फिरून परत यायची. महादेवरावांनी कधीचं नाव दिलं होतं. ताई आदल्या दिवसापासून नाही म्हणत होती.

“यावेळी गोपिकाले घेऊन जा.”

“गोपिका पुढे बसणार आहे. तू मागं बस. लोकं टाळ्या वाजवतीन तुले पाहून.”

गोपिकाला मागे बसवून बघावं, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि त्यांनी तो लगेच बाजूला सारला होता. का सारला, हे त्यांनी तपासलं नाही. बाकी सगळं तपासणारा माणूस.

ताई आली. लॉ कॉलेज चौकापर्यंत सगळं झकास झालं. दुतर्फा लोक, मोबाइल वर धरलेले, पोरं हात हलवताहेत. चौकात मिरवणूक थांबली आणि थांबल्या थांबल्या गाडी बंद पडली. महादेवराव चाबी फिरवणार, एवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ताई उतरून रस्त्यावर उभी होती. उन्हात तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

‘टक्’.

मागून हॉर्न वाजायला लागले. क्लबचा सेक्रेटरी रजत धावत आला. “काका, काय झालं? धक्का मारायचा का?”

धक्का. साठ वर्षं जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी केलेला इंजिनिअर, आणि चौकात धक्का. महादेवराव खाली उतरले.

“ताई, बस.”

“आज नाही गा महादेवा.” ती हळूच बोलत होती. “आजवर नुसतं बाजूले बसे. आज अंगावर रेलून राह्यलं. मी नाही बसत त्याच्याजवळ.”

“कोणाजवळ, आजी?” रजतने विचारलं. तो हसत नव्हता, पण त्याच्या मागे कोणी तरी हसलं. दोन-तीन मोबाइल इकडे वळले.

महादेवरावांच्या कानशिलात रक्त भरलं. “डोकं फिरलं का तुहं?” ते ओरडले. आपण बहिणीवर ओरडतो आहोत, तेही भर चौकात, हे त्यांना दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तसं ऐकू आलं. “रिकामी सीट आहे! दिसते का कोणी? दिसते का?”

त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला आत बसवलं. तिने दाराची कड घट्ट धरली होती. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला ताकद ती किती. त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि दार लावलं.

गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना त्यांची नजर एकदाच आरशात गेली. ताईचा गाल खिडकीच्या काचेवर दाबला गेला होता. झोपलेल्या माणसाचा टेकतो तसा नव्हे. मागून रेटा आलेल्या माणसाचा. त्यांनी आरसा वर फिरवला आणि परत येईपर्यंत समोर बघून गाडी चालवली.

५

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. महादेवरावांनी तो एकदाच पाहिला. पडद्यावर एक टक्कल पडलेला माणूस एका म्हातारीची बोटं दारावरून सोडवत होता. त्या माणसाचं तोंड त्यांना ओळखीचं वाटेना.

ताई जेवायला आली नाही. गोपिकाने ताट खोलीत नेऊन दिलं आणि परत येऊन म्हणाली, “तिच्या दंडाले तेल लावून आली मी. दोन्ही दंडाले.”

“दोन्ही? मी डावाच धरला होता.”

“मले काय माहीत. उजवा जास्त काळानिळा आहे.” तिने तेलाची वाटी खाली ठेवली. “अजी, डॉक्टरले दाखवू. या वयात होते असं. माह्या मावशीले झालं होतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई स्वतःच बाहेर आली. तिने वेणीफणी केली होती. ती महादेवरावांसमोर खुर्चीत बसली, शाळेत पालकांना बोलावून बसायची तशी ताठ.

“गोपिका म्हणते डॉक्टरकडे चाल. मी येतो. नाही म्हणत नाही. पण पहिले तू एक काम कर गा. एक वेळ तू मागं बस. चाबी गोपिका मारीन. तुले काही नाही वाटलं तर माहं डोकं बिघडलं, मी मानतो. मंग जिथं म्हणशीन तिथं येतो.”

“ताई, यात काय—”

“तू इंजिनेर आहेस नं? मंग तपासून पाह.”

६

गोपिका पुढे बसली. तिला गाडी येत नव्हती, चाबी फिरवणं येत होतं. ताई आत पलंगावर बसून राहिली. तिला बघायचं नव्हतं.

महादेवराव मागच्या सीटवर मधोमध बसले, पाय पसरून, मुद्दाम ऐसपैस. दार लावल्यावर बाहेरचे आवाज कमी झाले. समोरच्या घरी कुणीतरी चटणी वाटत होतं, त्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता. रेक्झिनचा वास, पेट्रोलचा वास. आणखी एक वास होता, पावसात भिजून अंगावरच वाळलेल्या कपड्यांचा. पण त्याच्याबद्दल त्यांना खात्री नव्हती.

“मार,” ते म्हणाले.

‘टक्’.

“परत.”

‘टक्’.

त्यांना हसू आलं. एवढं मोकळं हसू त्यांना महिनाभरात आलं नव्हतं. अर्थिंग सैल आहे कुठेतरी. संपलं. ताईला डॉक्टरकडे नेऊ, बरी होईल, आणि आपण तिची माफी मागू. अगदी पाय धरून मागू.

“आणखी एकदा मार.”

उजवीकडच्या स्प्रिंगा करकरल्या.

सीट खाली बसली. जड माणसाने हळूहळू बसावं तशी, आधी कडेला, मग पूर्ण. महादेवरावांचं अंग आपोआप त्या उताराकडे कललं. सावरायला त्यांनी उजवा हात खाली टेकला.

हाताखाली रेक्झिन नव्हतं. कापड होतं. जाडंभरडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, उबदार. कापडाखाली गुडघ्याची वाटी होती. महादेवरावांचा हात लागला तशी ती जराशी बाजूला झाली, एसटीत अनोळखी माणूस आपल्याला जागा करून देतो तशी.

सेल्फने घरघर केली आणि इंजिन चालू झालं.

त्यांनी उजवीकडे बघितलं नाही. समोरच्या आरशातही नाही. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून पलीकडची काच दिसत होती. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर काचेला आतून वाफ धरत होती आणि विरत होती. धरत होती आणि विरत होती.

“झाली नं चालू!” गोपिका मागे वळली. “अजी, तुम्ही काहून तिकडे सरकले?”

महादेवरावांचा खांदा डाव्या दाराला लागला होता. कोपर पोटाशी होतं.

“ऊन लागलं,” ते म्हणाले.

गोपिकाने पोर्चच्या छताकडे पाहिलं.

७

आत जायला त्यांनी वेळ लावला. हात धुतले. मग पुन्हा धुतले. ताईला काय सांगायचं, हे त्यांना नळापाशीच ठरवायचं होतं. खरं सांगायचं म्हणजे चौकातलं ते सगळं पुन्हा उघडायचं. तिची बोटं सोडवून आपण तिला कशाच्या शेजारी कोंडलं, ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. सबस्टेशनसमोर उभं केलेले ते गावकरीसुद्धा त्यांना त्या क्षणी आठवले.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. तीच त्यांना सहन झाली नाही.

“बसला?”

“बसलो.”

“मंग?”

“काही नाही ताई. मागं काही नाही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी खोटा पाढा म्हटला की ती असंच बघायची आणि पाठीत धपाटा घालायची. महादेवराव धपाट्याची वाट बघत उभे राहिले. तो आला नाही. तिची नजर हळूहळू खाली गेली आणि स्वतःच्या हातांवर थांबली. जणू ते हातही आता तपासून घ्यायला हवेत.

“मंग माहंच डोकं,” ती म्हणाली. “बरं झालं तू पाह्यलं. मी उगाच लोकाईत तुही लाज काढली गा महादेवा. माफ कर मले.” तिने हात जोडले. धाकट्या भावापुढे.

“असू दे,” महादेवराव म्हणाले.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “तुम्हाला स्वतःला कधी काही जाणवलं का?” असं त्यांनी महादेवरावांना विचारलं, रीत म्हणून. नाही, महादेवराव म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. सकाळची गोळी महादेवराव स्वतः द्यायचे, तळहातावर ठेवून. ताई पोरीसारखी आ करून गिळून दाखवायची. ती कमी बोलायला लागली. काहीही सांगण्याआधी विचारायची. “दूध उतू गेलं का वं गोपिका, की मलेच वास आला?” “दारावर कोणी आहे का, की मलेच ऐकू आलं?” ती असं विचारत असली की महादेवराव उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

गाडी विकायची म्हणून दोन जण बघायला आले. दुसऱ्याच्या कडेवर लहान मुलगी होती. महादेवरावांनी दोघांनाही दारातूनच परत पाठवलं, गाडी नादुरुस्त आहे म्हणाले. मग एक दिवस त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि बॅटरी काढून आणली. टर्मिनल पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळून ती जेवणाच्या खोलीत टेबलाखाली ठेवली.

त्याच दुपारी ते आणि ताई व्हरांड्यात बसले होते. गोपिका शेजारी गेली होती. ताई संत्रं सोलत होती, साली एकीकडे, बिया एकीकडे, पहिल्यासारखी टापटीप. व्हरांड्याच्या कडेला पोर्च, पोर्चमध्ये ताडपत्री. सगळं शांत होतं.

‘टक्’.

ताईचे हात थांबले.

मग घरघर सुरू झाली. बॅटरी उतरलेल्या गाडीचा सेल्फ फिरतो तशी, सावकाश, रेटून. घर्रर. थांबली. पुन्हा घर्रर. ताडपत्रीची कड थरथरत होती. आत कुणीतरी वाट बघून कंटाळलं होतं.

ताईने पोर्चकडे पाहिलं नाही. ती महादेवरावांच्या तोंडाकडे बघत होती. आपण काय ऐकलं, हे त्यांच्या तोंडावरून तिला ठरवायचं होतं.

“काही आवाज झाला का गा?” तिने विचारलं.

घर्रर.

“नाही,” महादेवराव म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाली. तिने एका फोडीची बी काढली, शिरा सोलून ती नीट साफ केली आणि भावापुढे धरली.

महादेवरावांनी ती घेतली आणि खाल्ली.